हाताला कळणारा कंट्रोलर

औषधे, पथ्ये आणि व्यायाम यांविषयी आपण या पानांवर नेहमीच वाचता. आज मी एका छोट्या रेल्वेविषयी, आणि त्यातही ती चालवणाऱ्या कंट्रोलरविषयी लिहीत आहे. आपल्या घरी वृद्ध आईवडील असतील, तर हा विषय आपल्याला परका वाटणार नाही.

माझे वडील, अण्णा, भुसावळला मालगाडीचे ड्रायव्हर होते. आज ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सात वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले आणि ते नाशिकला माझ्याकडे राहायला आले. गेल्या वर्षी आम्ही त्यांना पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात नेले. धावत्या गाड्यांसमोर ते बराच वेळ उभे राहिले. परतताना त्यांनी एवढेच विचारले, "अशी एखादी घरात बसवता येईल का गं?"

अमेरिकेतील माझ्या भावाने एचओ प्रमाणाचा संच पाठवला. या प्रमाणात गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. सहा बाय चार फुटांच्या प्लायवर आम्ही रुळांचे एक वर्तुळ बसवले. संचासोबत आलेला कंट्रोलर मी पिन बदलणारा जोड लावून भिंतीतील सॉकेटला जोडला. क्षणात जळका वास आला. तो १२० व्होल्टसाठी बनवलेला होता आणि आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. पिन बदलल्याने दाब बदलत नाही, हे मला माहीत असायला हवे होते. परदेशातून आलेले कोणतेही विजेचे उपकरण जोडण्यापूर्वी त्यावरील 'इनपुट'चा आकडा अवश्य वाचा. औषधाच्या बाटलीवरील लेबल वाचतो, तसाच.

दुसरी चूक मी विचारपूर्वक केली. छोट्या रेल्वेचे कंट्रोलर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. साध्या प्रकारात रुळांना साधारण शून्य ते बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह मिळतो. दाब वाढवला की वेग वाढतो आणि प्रवाहाची दिशा उलटली की गाडी उलट धावते. डिजिटल प्रकारात रुळांवर दाब कायम असतो. इंजिनातील छोटे यंत्र, म्हणजे डिकोडर, आपल्या क्रमांकाची आज्ञा ओळखून गती बदलते, म्हणून एकाच रुळावर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवता येतात. मी डिजिटल घेतला आणि त्यासाठी इंजिनात डिकोडरही बसवून घेतला. कारण वेगळेच होते. त्याला मोबाइलही जोडता येत होता. अण्णांचा हात थरथरला आणि गाडी वेगात सुटली, तर मला माझ्या खुर्चीतून ती थांबवता येणार होती.

तीन दिवस मी ती तशीच थांबवत राहिले. चौथ्या दिवशी अण्णांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "तूच चालव." त्यानंतर पंधरा दिवस ते त्या खोलीत गेले नाहीत. रुग्णांच्या नातेवाइकांना मी वर्षानुवर्षे सांगत आले, की जे त्यांना जमते ते त्यांनाच करू द्या. माझ्याच घरात मी तेवढे विसरले.

अखेर जे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते, ते मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "ते आकडे आणि बटणं मला नकोत. हाताला कळेल असं काहीतरी आण."

तेव्हा मी त्यांच्या हाताकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिले. कंपवातातील थरथर बहुधा हात विसावलेला असताना अधिक असते आणि काम करताना थोडी कमी होते. हालचाल मात्र मंद होते आणि लहान बटणे चुकतात. म्हणून मोठी, किंचित घट्ट फिरणारी मूठ हवी. काही कंट्रोलरमध्ये मुठीच्या मध्यभागी शून्य असते. ती एका बाजूला फिरवली की गाडी पुढे जाते, दुसऱ्या बाजूला फिरवली की मागे. थरथरता हात शून्य ओलांडून गेला, तर गाडी थांबण्याऐवजी उलट धावते. दिशेसाठी वेगळा खटका असलेला कंट्रोलर अशा हाताला अधिक सोयीचा. एकाच गाडीसाठी एक अँपिअर क्षमता सामान्यतः पुरते. चाक घसरून दोन रूळ जोडले गेले, तर प्रवाह आपोआप तोडणारी सोय मात्र असायलाच हवी.

आम्हाला असा एक साधा कंट्रोलर मिळाला. डिकोडर काढून इंजिन पुन्हा पूर्वीसारखे केले. या कंट्रोलरमध्ये आणखी एक सोय होती. मूठ एकदम फिरवली तरी गाडी हळूहळू वेग घेते आणि हळूहळू थांबते. लवकर थांबवायची असेल तर वेगळा ब्रेक आहे. त्यामुळे हाताची थरथर गाडीपर्यंत पोहोचत नाही. ही सोय त्यांना कुबडीसारखी वाटेल, अशी मला धास्ती होती. पहिल्या फेरीनंतर अण्णा म्हणाले, "ही खरी. मालगाडी कधी जागच्या जागी थांबते का? ब्रेक आधीच लावायचा असतो."

कंट्रोलर आम्ही टेबलाच्या कडेला स्क्रूने पक्का केला आहे. त्यामुळे कोपर टेकवून बसता येते आणि जमिनीवर वायर राहत नाही. तोल सांभाळणे कठीण झालेल्या माणसाच्या पायांत वायर येणे धोक्याचे असते. सायंकाळच्या गोळीनंतर तासाभराने ते गाडी चालवतात. त्या वेळी हात थोडा मोकळा असतो. मात्र खेळासाठी गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नका.

हा उपचार नव्हे. आजार आहे तिथेच आहे. काही दिवस मूठ फिरतच नाही. तेव्हा अण्णा डबे पुसत बसतात आणि मी मदतीला उठत नाही. आपल्या घरीही कोणासाठी असे काही आणणार असाल, तर विकत घेण्यापूर्वी ती मूठ त्यांच्या हातात द्या आणि त्यांना ती फिरवून पाहू द्या. त्या वेळी आपला मोबाइल खिशातच राहू द्या.