पेरुंबावूरचा रविवार

कोचीजवळच्या पेरुंबावूरला रविवारी बाजारात शिरणारा नवखा माणूस क्षणभर गोंधळतो. हे केरळ की बंगाल? प्लायवूडच्या कारखान्यांत राबणारे बंगाली, आसामी, ओडिया, बिहारी मजूर सुटीच्या दिवशी इथे गर्दी करतात.

इतक्या दूर ते येतात कशाला? रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत उत्तर आहे. २०२२-२३ मध्ये ग्रामीण बांधकाम मजुराची सरासरी रोजंदारी केरळात सुमारे ८५२ रुपये होती, तर मध्य प्रदेशात २७८! घाम तोच, मोल मात्र तिप्पट.

यामागे शाळेचाही हात आहे. १८ एप्रिल १९९१ रोजी केरळ संपूर्ण साक्षर जाहीर झाले. शिकलेली पोरे कचेऱ्यांत, इस्पितळांत, आखाती देशांत गेली. अंगमेहनतीला माणसे कमी पडली. त्यात कामगार संघटना बळकट. साहजिकच मजुरी चढली. मात्र याच केरळात पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारेही थोडे नाहीत.

परक्या मजुरांना मल्याळम शिकवायला २०१७ मध्ये ‘चंगाती’ वर्ग निघाले. चंगाती म्हणजे मित्र. त्यांची मुलेही इथल्या सरकारी शाळांत जातात. बापाला दुसऱ्यांच्या शिक्षणाने चार पैसे जास्त मिळाले. लेकराला मिळतील ते स्वतःच्या शिक्षणाचे असावेत, एवढ्यासाठीच तर हा सारा खटाटोप!