थोरलीचा तोरा, धाकटीचा ऐसपैसपणा

वेरूळ-अजिंठ्याचा प्लॅन ठरला की छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३पर्यंतचं औरंगाबाद, आपल्यासाठी नुसतं मुक्कामाचं ठिकाण असतं. रात्री नान-खलियावर ताव, सकाळी लेणी, संध्याकाळी परत. पण 'मोठी गाडी घ्यावी का?' हा किडा सध्या डोक्यात वळवळत असेल, तर या वेळी एक दिवस शहरासाठी राखून ठेवा. महागडी वस्तू घ्यायची की तिचं स्वस्त भावंड, या प्रश्नाचा अख्खा क्लास इथे भरतो. फी म्हणाल तर मकबऱ्याच्या तिकिटाएवढी!

मी गेलो तो एका कलीगसोबत. वय ३४, ऑफिस हिंजवडीत, आईवडील जालन्याला. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दर दोन महिन्यांनी त्यांना तपासणीसाठी पुण्याला आणायचं, म्हणजे एका वेळी सहा-सहा तास गाडीत. गडी शॉर्टलिस्ट करूनच बसला होता : स्कोडा सुपर्ब आणि फोक्सवॅगन पसाट. दोन्ही सेकंड हँड, दोन्ही २०१८च्या, दोन्ही डिझेल. "सुपर्ब पटते रे, पण पसाट आवडते," हे त्याचं दुखणं.

ताजची धाकटी बहीण

आधी बीबी का मकबरा गाठा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर. 'गरिबांचा ताज' म्हणून लोक नाक मुरडतात, पण नातं अगदी घरातलं आहे. मकबऱ्याचा वास्तुकार अताउल्लाह हा ताजमहाल घडवणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. जुन्या नोंदींप्रमाणे ताजला खर्च आला सुमारे ३ कोटी २० लाख रुपये आणि मकबऱ्याला सात लाखांच्याही आत. मग काटकसर झाली कुठे? जवळ जाऊन बघा. संगमरवर आहे तो घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्याला. मधे दगडावर गिलावा. आकारही आटोपशीर. थोडक्यात, इथे मालच कमी केला.

मग शहरात हातमागावरचा हिमरू बघा. किनखाब म्हणजे सोन्या-चांदीच्या जरीचं कापड, राजेरजवाड्यांचं. हिमरू त्याच्याच वळणाचा, पण सूत आणि रेशमाचा. इथे कात्री लागली ती सोन्याला. थाट राहिला आणि अंगावरची ऊबही गेली नाही.

म्हणजे स्वस्त भावंडाला विचारायचा प्रश्न एकच : कात्री नेमकी लागली कुठे?

शेंद्र्याच्या गेटवर

हाच प्रश्न घेऊन जालना रोड पकडा. चिकलठाण्याचं विमानतळ मागे पडलं की थोड्याच वेळात शेंद्रा एमआयडीसी लागते. स्कोडाच्या गाड्या इथे २००१पासून तयार होतात. २००७ साली फोक्सवॅगनची पसाटही इथेच जोडली जाऊ लागली. सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून यायचे आणि दोघी बहिणी एकाच छपराखाली सजून बाहेर पडायच्या. कारखाना काही टुरिस्ट स्पॉट नाही, त्यामुळे गेट बघायचं आणि पुढे निघायचं. आमच्या गड्याने तिथे गाडी हळू केली आणि विचारलं, "मग जास्तीचे पैसे कशाचे?"

चला, हिशेब मांडू. दोघींचं इंजिन तेच, २ लिटरचं, १७७ पीएसचं डिझेल. गिअरबॉक्स तोच, सहा स्पीडचा डीएसजी. सांगाडाही एकाच कुळातला. फरक दिसतो तो मोजपट्टी लावल्यावर. सुपर्ब जवळपास ९ सेंटिमीटर लांब. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे ५ सेंटिमीटर जास्त, आणि त्याचा फायदा मिळतो मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांना. डिकी ६२५ लिटरची, पसाटची ५८६. शिवाय सुपर्बची डिकी मागच्या काचेसकट उघडते, म्हणजे घडीची व्हीलचेअर सहज आत. वर दारात छत्रीसुद्धा! ही खोड जुनीच आहे. २००१ची सुपर्ब म्हणजे तेव्हाच्या पसाटचाच सांगाडा, चाकांमध्ये १० सेंटिमीटर ताणलेला.

म्हणजे मकबऱ्याच्या बरोबर उलटं झालं. इथे माल वाढला आणि कात्री लागली ती नाकावरच्या बिल्ल्याला.

पसाटवर अन्याय नको. ती नेटकी आहे, दिसायला शालीन आहे आणि पुण्याच्या पार्किंगमध्ये ते ९ सेंटिमीटर सोन्याच्या मोलाचे ठरतात. एकटे किंवा दोघंच फिरत असाल, तर बिनधास्त तिच्याकडे बघा. आणि स्कोडा 'बजेट' म्हणून मेंटेनन्सही बजेटमध्ये, या भ्रमात राहू नका. डीएसजीचं काम निघालं की दोघी सारख्याच रडवतात. सर्व्हिस रेकॉर्ड तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

बिल्ल्याची किंमत

पण बिल्ला म्हणजे अगदीच फुकाची गोष्ट का? तसंही नाही. याच शहरातल्या मंडळींनी २०१०मध्ये एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, तब्बल ६५ कोटींच्या! देशभर बातमी झाली. मागास मराठवाडा म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं आणि उद्योजकाला असा बिल्ला बँकेत, क्लायंटच्या गेटवर वसूलही होतो. पण आपलं काय? आपली गाडी दिवसभर बेसमेंट टूमध्ये, खांबाशेजारी अंधारात उभी असते.

आणि गंमत ऐका. युरोपात २०२३च्या नव्या पसाटने सेडानचा वेश सोडला, तिथे ती फक्त इस्टेट म्हणून मिळते. लांब शेपटीची सुपर्ब मात्र अजून आहे आणि दोघी पुन्हा एकाच छपराखाली, स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला बनतात. आपल्याकडे पसाट बंद झाली. सुपर्ब २०२३मध्ये थांबली आणि २०२४मध्ये आयात होऊन आली ती ५४ लाखांची, अवघ्या १०० गाड्या. तेव्हा तुमच्या-माझ्या ईएमआयचा सामना सेकंड हँड बाजारातच रंगणार.

कलीगने शेवटी काय केलं? दोन्ही गाड्या पुन्हा बघितल्या, पण या वेळी बाबांना मागे बसवून. पसाटमध्ये बाबा म्हणाले, "छान आहे हो." सुपर्बमध्ये काहीच बोलले नाहीत. पाय लांब केले आणि डोळे मिटले. सुपर्ब घेतली. बिल्ल्याची हळहळ अजून वाटते, हेही तो कबूल करतो.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. मागे बसणाऱ्यांना सोबत न्या आणि एक फेरी तुम्हीही मागे बसून मारा.

कसं जाल? पुण्याहून अहिल्यानगरमार्गे सुमारे २३५ किलोमीटर. मुंबईहून समृद्धी महामार्ग. मकबरा सकाळी लवकर गाठा, ऊन चढण्याआधी.