पाटीवरचे डोंगर

विशीत आमच्या कंपूत गड ठरायचा तो स्वारगेटच्या फलाटावर. वेल्ह्याची गाडी लागलेली दिसली की तोरणा, भोरची दिसली की रोहिडा नाहीतर रायरेश्वर. शिवाजीनगरला गेलो आणि जुन्नरची गाडी मिळाली की चावंड किंवा जीवधन. नकाशा कोणाकडेच नसायचा. एसटीची पाटी आणि कंडक्टरची माहिती एवढ्यावर सगळा कारभार. 'मास्तर, गडाखाली जायला कुठं उतरायचं?' असं विचारलं की आधी तो आमच्या पाठपिशव्यांकडे बघायचा, मग आमच्याकडे, आणि मग शेजारच्या बाकावरच्या एखाद्या आजोबांच्या ताब्यात आम्हाला देऊन टाकायचा. 'बाबा, ही पोरं तुमच्या फाट्याला उतरतील बघा.' आजोबा उतरताना आम्हाला उतरवत, आणि बहुतेक वेळा घरी चहाला नेत.

डोंगर मात्र त्याच्याही आधी दिसला होता, तोही एसटीतूनच. मामा महाडला. मे महिन्यात पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाटाने जायचं. अर्धं तिकीट, खिडकीची जागा, आईच्या पर्समधलं लिंबू. कंडक्टरच्या हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे असे. वेगवेगळ्या किमतींच्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या त्यात दाटीवाटीनं बसवलेल्या. दोनचार तिकिटं फाडून एकावर एक धरायची, चिमट्यानं भोक पाडायचं आणि तोच चिमटा दांडीवर टकटक आपटत पुढच्या बाकाकडे सरकायचं. घाटमाथ्यावर गाडी भज्यांसाठी थांबे. माकडं टपून असत. समोर काळ्याकभिन्न कड्यांवर आडव्या रेघा ओढलेल्या: काळा पट्टा, मग हिरवा, पुन्हा काळा, पुन्हा हिरवा. शाळेच्या चित्रात सगळे डोंगर त्रिकोणी काढत होतो, आणि हा डोंगर तर पायऱ्यापायऱ्यांचा! याचं उत्तर कोणी दिलं नाही, कारण मी कोणाला विचारलंच नाही. भजी गरम होती.

उत्तर पुढे वाचनातून मिळालं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. त्याला शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी लागला नाही. एक लोट आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा, मग तिसरा. सह्याद्रीच्या पट्ट्यात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. लोटाचा घट्ट भाग झिजायला नाही म्हणतो, तो कडा होतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला, घावनासारखा जाळीदार. तो लवकर कुजतो, त्याची माती होते, त्यावर गवत उगवतं, नाचणी-वरी पेरता येते, वाडी वसते. गडाची माचीही बहुधा अशाच एखाद्या पायरीवर. मधूनमधून लाल मातीचा पट्टा लागतो. दोन लोटांमध्ये बराच काळ गेला, तेवढ्यात खालच्या खडकाची माती झाली, आणि वरून नवा लोट येऊन ती भाजून काढली. त्याच खडकाच्या पोकळ्यांत पांढऱ्या स्फटिकांचे झुबके सापडतात.

हे कळल्यावर चढण सोपी झाली असं नाही, पण दम लागण्याला हिशेब मिळाला. उभा कातळ आला की एक लोट, सपाटी आली की त्याचा माथा. मांड्या भरून आल्या की मनात म्हणायचं, हा लोट जरा जाडच ओतलाय.

खरी गंमत पुढेच होती. 1980 च्या दशकात के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर आणि इतर भूशास्त्रज्ञांनी खडकांची रासायनिक तपासणी करून या थरांच्या गटांना नावं दिली. खालून वर वाचा: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ही तर डेपोतली उद्घोषणा झाली! एका लेखात ही यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मोठ्यानं हसले. घाटाचा रस्ता काढताना डोंगर कापला गेला की खडक उघडा पडतो, आणि थर हाताशी येतात. ज्या रस्त्यानं लाल गाडी चढते, त्याच रस्त्यानं थर मोजत शास्त्रज्ञही चढले. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जा, त्याच क्रमानं तीन थर पार होतात. आणखी एक नवल म्हणजे हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे 1646 मीटरवरचं कळसूबाईचं शिखर उंचीनं महाराष्ट्रात पहिलं असलं, तरी त्याचा खडक महाबळेश्वरच्या माथ्यापेक्षा जुना, खालच्या गटातला. उंच तो अलीकडचा, हा सरळ हिशेब इथे चालत नाही.

एसटीनं आम्हाला डोंगर ओलांडायला लावला, हे तिचं सगळ्यात मोठं देणं. रेल्वेनं कर्जत, तिथून खांडसची एसटी. खांडसला उतरलं की समोर भीमाशंकरची भिंत उभी. शिडी घाटानं गेलात तर कातळावर शिड्या. गणेश घाटानं गेलात तर लांबचा, पण पायाखाली बरा रस्ता, आणि बाजूला पदरगड सोबतीला. मधल्या सपाटीवर झोपडीत चहा घ्यायचा, पुन्हा चढायचं. कोकणातल्या घामाचे कपडे अंगावर ओले असतानाच माथ्यावरचं गार वारं लागतं, झाडी बदलते आणि देवळाच्या घंटा ऐकू येतात. तिथून मंचरवरून पुण्याची गाडी. एका दिवसात कोकण ते देश, पायी आणि एसटीनं, आणि आलेली वाट पुन्हा तुडवायची नाही. हरिश्चंद्रगडही तसाच: आळेफाट्याहून कल्याणच्या गाडीनं खुबी फाट्यावर उतरायचं, खिरेश्वर, टोलार खिंड करत वर जायचं आणि उतरायचं पाचनईला. मग राजूर, अकोले, संगमनेर करत घरी. घाटवाटा मुळात यासाठीच होत्या. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी माल जायचा. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आजही वर आहे. त्या व्यापाऱ्यांपैकी कोणी माथ्यावरचा वारा खाऊन आल्या वाटेनं परत गेला नसणार.

पुढे घरात चारचाकी आली आणि वीसेक वर्षं आमचे डोंगर गोल झाले. जिथे गाडी लावली तिथेच उतरायला हवं. पहाटे अंधारात निघता येई, उन्हाच्या आत माथा गाठता येई, गुडघ्यांची सोय होई. हे फायदे मी नाकारत नाही. पण खिंडीत पोचल्यावर पलीकडे उतरणारी वाट दिसायची आणि पाय मागे वळवावे लागायचे, कारण गाडीची किल्ली खिशात. आता शनिवारी रात्री गटागटांनी छोट्या बस भरून निघतात आणि कळसूबाईच्या शिड्यांवर रविवारी पहाटे रांग लागते. पोरांचा उत्साह खरा असतो, पण पायथ्याच्या गावातल्या कोणाशी दोन शब्द बोलायला त्यांना वेळ उरत नाही. एसटीच्या फेऱ्यांमध्ये तासन् तास असत, त्यात पारावर बसण्याशिवाय इलाज नसे, आणि आमच्या अर्ध्या ओळखी त्या पारावरच्याच.

मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि मी पुन्हा गाडी धरली. हल्ली मला मुक्कामी गाडी आवडते. संध्याकाळी ती गावात येते, मारुतीच्या देवळापाशी उभी राहते आणि सकाळी पहिल्या फेरीला निघते. मागच्या पावसाळ्यात अकोले तालुक्यातल्या एका गावी अशाच गाडीनं गेलो. ड्रायव्हरनं चाकाला दगड लावला, कंडक्टरनं टपावर नजर टाकून वाळत घातलेला टॉवेल काढला आणि दोघं समोरच्या घरी पिठलं-भाकरीला गेले. मी विचारलं, 'मास्तर, सकाळी किती वाजता?'

'साडेसहाला हलणार. मावशी, झोपून राहू नका, शाळेची पोरं असतात. जागा मिळायची नाही.'

सकाळी खरंच दप्तरं, दुधाचे कॅन, बाजाराला निघालेल्या दोन कोंबड्या आणि कोर्टाच्या तारखेला चाललेले एक गृहस्थ असा सगळा गाव गाडीत होता. एका मुलीनं सरकून मला जागा दिली आणि 'कडा बघायला आलाव का?' असं विचारलं. तिच्या लेखी कडा म्हणजे रोजची गोष्ट. तिला माझ्या बुटांचं जास्त कौतुक.

पुढच्या महिन्यात पोलादपूर ते महाबळेश्वर ठरलं आहे, थर बघत. खिडकी कुठली धरायची यावर घरात वाद आहे. सगळ्यांना दरी हवी, मला कापलेला डोंगर. नवऱ्याचं म्हणणं, घाटात दर वळणाला बाजू बदलते, तू भांडतेस कशाला. म्हणून मी शेवटचं लांब बाकडं धरणार आहे. तिथे हाडं खिळखिळी होतात, पण गाडी रिकामी असली तर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत सरकता येतं.