हौस म्हणायची की काम?

मैत्रिणींनो, यंदाच्या संक्रांतीला सोसायटीतल्या हळदीकुंकवाला एका ओळखीच्या बाईंनी मला विचारलं, "अजून चालू आहे का हो तुमची नाटकाची हौस?" विचारलं ते प्रेमानंच. मीही हसून "हो" म्हटलं, वाण घेतलं आणि घरी आले. पण तो 'हौस' शब्द काही केल्या मनातून जाईना. तेव्हा म्हटलं, तुमच्याशीच बोलावं.

मी मुलुंडला राहते. सकाळी अर्धा दिवस एका शाळेत शिकवते, उरलेला दिवस घर. तीन वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका छोट्या प्रायोगिक नाट्यसंस्थेत मला भूमिका मिळाली. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, पण लग्नानंतर नाटकाचं पुस्तकसुद्धा हाती धरलं नव्हतं. घरी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "तुला हौस आहे ना, कर की! फक्त घराला झळ लागता कामा नये." मला तेव्हा ते फार मोठ्या मनाचं वाटलं. त्या वाक्याचा हिशेब पुढे कळला.

घराला झळ लागू द्यायची नाही म्हणजे काय करावं लागतं, ते तुम्हांला मी काय सांगू? शाळेतून आल्या आल्या कणीक भिजवायची, कुकर लावायचा, मुलीचा गृहपाठ बघायचा. मेथी निवडता निवडता संवाद पाठ करायचे. साडेपाचला मुलुंडहून लोकलनं घाटकोपर आणि तिथून मेट्रोनं अंधेरी. ही मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी लोकलनं जायचं तर दादरपर्यंत खाली जाऊन, गाडी बदलून, पुन्हा वर यावं लागे. मेट्रो नसती तर मी नाटकात नसते, हे अगदी खरं. सात ते दहा तालीम. घरी पोचायला सव्वाअकरा. मग ओट्यावरची भांडी माझी वाट पाहत असायचीच.

पहिल्या प्रयोगानंतर हातात पाकीट पडलं, तीनशे रुपयांचं. तालमींच्या जाण्यायेण्यालाच दोन हजारांच्या आसपास गेले होते. नाटकातली नऊवारी माझी, तिला इस्त्री माझी, आणि तालमीच्या मध्यंतरात चहा गाळायला उठायच्या त्याही आम्ही बायकाच!

पण पैशाबद्दल माझी तक्रार नाही. शंभरएक प्रेक्षकांची जागा, तिकिटाचे पैसे जातात भाड्यात आणि दिव्यांत. प्रायोगिक नाटक असंच चालतं आणि आजवर असंच चालत आलंय. १९६० साली 'रंगायन' सुरू झालं, त्यात विजयाबाई मेहता होत्या. त्याच 'रंगायन'नं १९६७ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' केलं आणि सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे लोकांच्या मनात कायमची बसली. या नाटकाचं बीज आपल्या उपनगरातलंच बरं का! विलेपार्ल्याला खोट्या खटल्याचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींचं बोलणं तेंडुलकरांच्या कानावर पडलं आणि त्यातून हे नाटक सुचलं. बेणारे ही शिक्षिका. सुलभाताईही दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९७१ मध्ये त्यांनी आणि अरविंद देशपांड्यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली आणि १९७४ पासून त्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली. जिथे खडू हातात धरला तिथेच रंगभूमीची एक चळवळ उभी राहिली. मी वर्गात फळा पुसताना पुष्कळदा त्यांची आठवण काढते.

आणि 'मुलगी झाली हो'? ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं, स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ मध्ये रंगमंचावर आणलेलं. त्यात काम करणाऱ्या व्यवसायानं नट्या नव्हत्या. घर, नोकरी सांभाळून तालमीला येणाऱ्या बायका होत्या, तुमच्याआमच्यासारख्या. वस्त्यावस्त्यांत, गावोगावी त्यांनी ते नेलं. पुढे १९८९ मध्ये सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग सुरू केला. या सगळ्याजणींनी जे केलं त्याला आज आपण 'हौस' म्हणू का? मग त्या काळी त्यांच्या शेजारणी काय म्हणत असतील?

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. आमचा दुसरा प्रयोग रविवारी संध्याकाळी होता. दुपारी दोन वाजता मुलीच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. ताप एकशे एक. माझ्या भूमिकेला बदली कोणी नव्हतं. मी नाही गेले तर प्रयोग रद्द, दहाजणांची महिन्याची मेहनत पाण्यात. हे गावी गेलेले. डॉक्टरांना फोन केला, औषध दिलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि घड्याळाकडे बघत बसले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "जा. मी बसते तिच्यापाशी. पण हे नेहमीचं समजू नकोस."

मी गेले. काम कसं केलं ते आठवत नाही. पडदा पडल्यावर आधी फोन लावला. ताप उतरला होता. त्याच नाटकातल्या एका नटाचे वडील त्या दिवशी इस्पितळात होते, तरी तो आला होता. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, "याला म्हणतात निष्ठा!" मी घरी आले तेव्हा जिन्यात एक शेजारीण म्हणाली, "तापानं फणफणलेल्या पोरीला टाकून गेलात? कमाल आहे बाई तुमची!" मैत्रिणींनो, दोघांनी केलं एकच, पण त्याचं झालं काम आणि माझी ठरली हौस.

त्या रात्री झोप आली नाही. वाटलं, सोडून द्यावं. आईचं मन आतून टोचतच होतं, ते मी नाकारत नाही.

सकाळी चहा घेताना सासूबाईंनी विचारलं, "काल पाकीट मिळालं का?"

"मिळालं, आई. तीनशे."

"एवढ्याशासाठी एवढी दगदग?"

मी काहीच बोलले नाही. त्या कपातला चहा ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणा, मला तरी चाळीस वर्षं पोळ्यांचे पैसे कुणी दिले?"

मला एकदम उमगलं. शाळेचे मला मिळून मिळून किती मिळतात? पण ती 'नोकरी', म्हणून तिच्या वेळा घरात सगळे पाळतात. घरकामाला पैसे नाहीत, म्हणून ते 'कर्तव्य'. नाटकालाही जवळजवळ नाहीतच, म्हणून ती 'हौस'. कष्ट तिन्हींत तेच. नाव मात्र पगार बघून ठरतं!

तेव्हापासून मी दोन गोष्टी केल्या. एक, घरात 'तालमीला जाऊ का?' असं विचारणं सोडलं. महिन्याच्या सुरुवातीला दिनदर्शिकेवर तारखा लिहिते आणि त्यापुढे 'काम' असं लिहिते. पहिल्यांदा हे वाचून हसले. तिसऱ्या महिन्यात तारीख बघून स्वतःच लवकर घरी आले. पोळ्या अजून जमत नाहीत, पण भात लावतात.

दुसरी गोष्ट, संस्थेतल्या आम्ही तिघींनी मिळून दिग्दर्शकांना सांगितलं की तालमी शनिवार-रविवारी दुपारी घ्या, प्रवासखर्च संस्थेनं द्यावा, आणि चहाची पाळी सगळ्यांची. एकटीनं सांगितलं असतं तर ती तक्रार झाली असती. तिघींनी सांगितलं, तर चर्चा झाली. एक अभिनेता नाराज होऊन गेला. प्रवासखर्च निम्माच मंजूर झाला. पण तालमी दुपारी आल्या. आता आमच्यातली एक आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन येते. तो कोपऱ्यात चित्रं काढत बसतो.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. मुलीची परीक्षा आणि प्रयोग एकाच आठवड्यात आले की अजून छातीत धस्स होतं. जिन्यातली शेजारीणही आहेच. पण परवा दुधाचा हिशेब लिहायला दिनदर्शिका उलटली, तर शनिवारच्या चौकोनात माझ्या अक्षराखाली सासूबाईंचं अक्षर दिसलं : 'तालीम. खिचडी मी करीन.'

तुमच्यापैकी कुणी गात असेल, कुणी चित्रं काढत असेल, कुणी भजनी मंडळात पेटी वाजवत असेल. उद्या कुणी विचारलं, "काय, चालू आहे का हौस?" तर रागावू नका. हसून एवढंच म्हणा, "हो, काम चालू आहे." मी पुढच्या हळदीकुंकवाला तेच म्हणणार आहे.