टेलाकडून पाहताना

कॉम्प्युटरांचे जाळे कसे असते हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने पुस्तक उघडण्यापूर्वी कालव्याच्या शेपटाशी दोन एकर जमीन करून पाहावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. आमच्या शेळगावातला कोणीही शेतकरी त्याला दुजोरा देईल. नीरा डावा कालवा वीरजवळ निघतो, बारामती तालुका भिजवतो आणि मग आम्हा इंदापूरकरांकडे येतो. कालव्याला फाटे, फाट्यांना चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत पाट. कॉम्प्युटरवाले अशा रचनेला ‘ट्री’ म्हणतात, म्हणजे झाडच! खोड एक असल्याने खर्च कमी आणि नवी फांदी फोडणे सोपे. पण वर भगदाड पडले की खालची सगळी पालवी सुकते. ‘टेलाला पाणी पोचलं का?’ हा आमच्याकडे कुशलप्रश्नच होऊन बसला आहे.

माझा भाचा पुण्याला हीच जाळी विणण्याच्या नोकरीत आहे. गेल्या दिवाळीत त्याने ओसरीवर खडूने आकृत्या काढून मला ही विद्या शिकवली.

पहिली आकृती ‘बस’ची. एसटीची नव्हे! एकच लांब तार आणि तिला ओळीने चिकटलेली यंत्रे. 1970 च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनशाळेत इथरनेट जन्मले, ते अशाच एका तारेवर. तार थोडी लागते. पण ती मध्येच तुटली की सारेच मुके. शिवाय दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द वाया जातात. मग दोघांनी थांबायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलायचे. आमच्या ग्रामसभेत दोघे एकदम बोलतात, पण थांबत कोणीच नाही, एवढाच काय तो फरक.

दुसरी ‘स्टार’. मधोमध एक पेटी आणि तिच्यापासून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार. शाळेत, बँकेत, कचेरीत आज बहुधा हीच रचना दिसते. एक तार तुटली तर एकच यंत्र बंद पडते आणि दोष कुठे आहे तेही चटकन कळते. पण मधली पेटीच बिघडली, तर लग्नघरातला कर्ता पुरुष रुसून बसावा तशी गत!

तिसरी ‘मेश’. प्रत्येकाची प्रत्येकाशी तार. एक वाट बंद झाली तर दुसऱ्या अनेक वाटा उघड्या. हल्ल्यात काही ठाणी उद्ध्वस्त झाली तरी निरोप पोचावा, म्हणून पॉल बॅरन या इंजिनियराने 1964 साली अनेक वाटांच्या जाळ्याचा पुरस्कार केला होता. पण प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे तर दहा घरांना 45 तारा लागतात आणि शंभर घरांना 4,950. एवढा खर्च कोण करणार?

चौथी ‘रिंग’. ओळीतले शेवटचे टोक पहिल्याला जोडायचे, की झाले कडे! आयबीएमने 1985 साली ‘टोकन रिंग’ बाजारात आणली. तिच्यात एक टोकन फिरत राही. ज्याच्या हाती ते असेल त्यानेच बोलायचे.

“अरे, ही तर आमची शेजपाळी!” मी ओरडलोच. आवर्तन सुटले की ज्याची पाळी, त्यानेच दारे धरायची.

“पण मामा, कड्याचा खरा फायदा पुढंच आहे,” भाचा म्हणाला. “तार एका जागी तुटली, की निरोप उलट्या बाजूनं फिरून येतो. तेवढी सोय मात्र आधी करून ठेवावी लागते.”

हे ऐकले आणि मला एक म्हातारी आठवली. आमच्याच भागातल्या एका गावी रस्त्याच्या खोदाईत तार तुटली होती. म्हातारीला पेन्शनसाठी एक दाखला हवा होता. तीन दिवस ती रोज चालत येई आणि “आजी, लाइन बंद आहे, उद्या या,” हे ऐकून परत जाई. तालुक्याच्या गावी तोच कारभार सुरळीत चालू होता. तार तुटल्याचे दुःख वरच्याला जाणवत नाही; टेलाच्या माणसाला ते पायांनी मोजावे लागते.

ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याची योजना केंद्र सरकारने 2011 साली मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. आरंभी बऱ्याच ठिकाणी तारा तालुक्याकडून गावांकडे एकेरीच गेल्या, अगदी आमच्या चारीसारख्या. ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात 2.64 लाख ग्रामपंचायती रिंगने जोडायचे ठरले. खर्च 1,39,579 कोटी रुपये. आकडा वाचून छाती दडपते. पण ती म्हातारी डोळ्यांपुढे आणली, की दुसऱ्या वाटेचा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही.

पाणी उतारानेच वाहते, तेव्हा कालव्याला टेल राहणारच. तिथे शेजपाळी आणि पाटकऱ्याचा प्रामाणिकपणा, एवढाच आधार. निरोपाला मात्र उतार नसतो. तो दोन्ही अंगांनी धावू शकतो आणि कड्याला टेल नसतो. म्हणून जाळ्याचा नकाशा काढणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे : पेन्सिल तालुक्यावर टेकवण्याआधी ती शेवटच्या घरावर टेकवावी आणि तिथून परतीच्या वाटा किती, ते मोजून पाहावे.