विणलेली थंडी, चितारलेली थंडी

अक्कलकोटची थंडी फार दिवसांची पाहुणी नसते. दिवाळी सरल्यावर पहाटे येते, उन्हे चढली की जाते, आणि संक्रांतीनंतर काढता पाय घेते. तरीही आम्हां दोघांच्या घरी स्वेटर विणले जात. लहान झालेला स्वेटर उसवून तीच लोकर धाकट्याच्या मापाने पुन्हा विणायची, हा रिवाजच होता. सोलापूरच्या मागावरची चादर आणि आईच्या सुयांवरचा स्वेटर, दोहोंसाठी मराठीने ‘विणणे’ हे एकच क्रियापद राखले आहे.

चित्रांतली थंडी मात्र परक्या मुलखातून आली. १९९१ पूर्वी सोव्हिएत संघातून स्वस्त, देखणी बालपुस्तके मराठीत येत. त्यांतला बर्फ, लोकरी टोप्या पाहून थंडी पांढरीच असते, असे मनावर ठसले. ज्वारीच्या शिवारातले दव, हुरड्याची आगटी आम्हांला पुस्तकात क्वचितच भेटली. पुढे माधुरी पुरंदरे यांनी मराठी घर चित्रपुस्तकात आणले. पण सीमेवरच्या मुलाची पहाट आम्ही अजून शोधतो आहोत. त्याच्या कानडी घरातली कौदी मराठी शाळेत गोधडी होते. शब्द बदलतो तेव्हा ते मूल क्षणभर गप्प होते. चित्रावर बोट ठेवून मात्र दोन्ही भाषांत बोलू लागते. बालसाहित्याच्या तासाला संहितेइतकेच चित्रही वाचले जावे, असा आमचा आग्रह आहे तो या मुलासाठी.