फणसाखालची रानहळद

बेळगावहून जांबोटीकडे जाणारा रस्ता श्रावणात पाहावा. भातखाचरे मागे पडतात, झाडी दाटू लागते, आणि मलप्रभा जेथे उगम पावते त्या कणकुंबीच्या परिसरात तर भर दुपारीही सांजावल्यासारखे वाटते. चार वर्षांपूर्वी त्या बाजूच्या एका वाडीवर मिस्सा अर्पण करून परतताना पावसाने गाठले, म्हणून शेताच्या बांधावरील झाडाखाली उभा राहिलो. पायाशीच रानहळद फुलली होती. माथ्यावरचा गुलाबी तुरा पाहून तेच फूल असे वाटते. पण ती नुसती रंगीत पाने होत. खरी फुले पिवळीधमक व लहान, खालच्या हिरव्या पानांच्या कुशीत दडलेली. गुरुविद्यालयात असता येशूसंघीय फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील १९५३ सालचा ग्रंथ मी चाळला होता. परंतु ग्रंथ चाळणे निराळे आणि रोप जगविणे निराळे!

शेतकऱ्याच्या अनुमतीने एक गड्डा आणून तो मी बंगल्यामागील फणसाच्या सावलीत लावला. कार्तिकात पाने पिवळी पडली. रोप तहानले असे समजून मी नित्यनेमाने पाणी घातले. चैत्रात उकरून पाहतो तो गड्ड्याचा चिखल झालेला. मिस्सेला येणाऱ्या एका वृद्ध बाई म्हणाल्या, "फादर, ती निजली होती. निजलेल्याला कोणी पाणी पाजतं का?"

पुन्हा त्याच शेतकऱ्याच्या दारी जाताना मला संकोच वाटला. त्याने हसून दुसरा गड्डा दिला. या खेपेस मोठ्या कुंडीच्या तळाशी खापऱ्या घातल्या, तांबडी माती, वाळू व फणसाचा कुजलेला पाचोळा भरला, आणि पाने सुकताच पाणी बंद केले. सबंध उन्हाळा ती कुंडी रिकामीच दिसे. स्वयंपाक्याने दोनदा तीत कोथिंबीर पेरण्याचा बेत केला. पहिल्या वर्षी नुसती पाने आली. दुसऱ्या वर्षी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या नोव्हेनास आरंभ होण्याच्या सुमारास, तुरा वर आला.

नोव्हेनासाठी फुले गोळा करणाऱ्या मुलांच्या दृष्टीतून तो कसा सुटणार? मुले नऊ दिवस मरियामातेला फुले वाहतात. त्यांना नाही म्हणणे मला जड गेले, आणि खुडा म्हणणेही. अखेर चौघांनी मिळून ती कुंडीच उचलून वेदीपाशी नेली. आठ सप्टेंबरचा सण झाल्यावर ती पुन्हा फणसाखाली आली.